खेचरांच्या वाटेवरून सायकल : सी अँड ओ कालव्याची पार्श्वभूमी

वॉशिंग्टन शहरातल्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधल्या कंबरलंड गावापर्यंत, पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने १८४.५ मैलांची, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटरची कच्ची वाट जाते. ही चेसापीक अँड ओहायो, म्हणजे सी अँड ओ, या जुन्या कालव्याच्या काठची वाट. आज ती सायकलवाल्यांची आणि पायी फिरणाऱ्यांची आहे. या वाटेची एक गंमत पायांना आधी कळते. मैलच्या मैल जमीन पाटासारखी सपाट असते, मग अचानक एका दगडी बांधकामाशेजारी छोटा चढ लागतो. चार-दोन पायडल जोर लावून मारले की पुन्हा सपाटी. हा चढ म्हणजे कालव्याचं लॉक. दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडायचं की बोट सुमारे आठ फूट वर उचलली जायची. कंबरलंड जॉर्जटाउनपेक्षा ६०५ फूट उंचावर आहे आणि तेवढी उंची गाठायला अशी ७४ लॉक बांधावी लागली. सायकलवर आपण त्याच पायऱ्या चढत असतो.

आपल्याकडे कालवा म्हटला की शेतीचं पाणी, पाटकरी, पाळी हेच डोळ्यांसमोर येतं. हा कालवा मालवाहतुकीचा. बोटीला इंजिन नव्हतं. लांब दोराने ती खेचरं ओढायची. कालवा आणि नदी यांच्या मधल्या बांधावर खेचरांसाठी साधारण बारा फूट रुंदीची वाट ठेवली होती. तिलाच टोपाथ म्हणतात. कालव्यातलं पाणी सपाट, म्हणून त्याच्या काठची ही वाटही तितकीच सपाट.

पोटोमॅकमधून पश्चिमेकडे व्यापाराचा जलमार्ग काढायचा हे स्वप्न जॉर्ज वॉशिंग्टन यांचं. १७८५ साली त्यांच्या पुढाकाराने निघालेल्या कंपनीने धबधब्यांना वळसा घालणारे छोटे कालवे खोदले, पण नदी कधी कोरडी, कधी पुरात, तेवढ्याने भागेना. म्हणून नदीला समांतर अखंड कालव्याची कल्पना पुढे आली. नाव ठेवलं चेसापीक अँड ओहायो, कारण तो चेसापीक उपसागराच्या बाजूने डोंगर ओलांडून थेट ओहायो नदीला नेऊन भिडवायचा होता. ४ जुलै १८२८ रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी पहिली कुदळ मारली. फावडं झाडाच्या मुळावर आपटलं, जमीन दाद देईना. शेवटी अध्यक्षांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि पुन्हा खणायला घेतलं, तेव्हा जमावाने एकच जल्लोष केला. त्याच दिवशी, चाळीसेक मैलांवरच्या बाल्टिमोरमध्ये, नव्वदीतल्या चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसत होता. दोघांना जायचं होतं एकाच खोऱ्यातून. नदी आणि डोंगर यांच्यातल्या चिंचोळ्या पट्टीवर हक्क कोणाचा, यावरून दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. खटला कालव्याने जिंकला, शर्यत मात्र रेल्वेने. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये. पुढे ओहायोपर्यंत जाण्याचा बेत तिथेच सोडून दिला गेला.

या सपाट वाटेखाली कोणाचे कष्ट आहेत, हे सायकलवाल्याने एकदा तरी आठवावं असं मला मनापासून वाटतं. आयर्लंड, जर्मनी, इंग्लंडमधून आणलेल्या मजुरांनी कुदळ, फावडं आणि सुरुंगाच्या दारूवर हे काम केलं. १८३२ मध्ये कॉलराची साथ त्यांच्या वस्त्यांमधून फिरली. पगार थकायचे, गटागटांत मारामाऱ्या व्हायच्या. १८३४ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तिथे लष्कर पाठवलं. कामगारांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य वापरण्याची ही पहिलीच वेळ.

सगळ्यात जिकिरीचं काम पॉ पॉ बोगद्याचं. नदीची वेडीवाकडी वळणं टाळायला डोंगर पोखरून ३,११८ फुटांचा बोगदा काढायचा होता. अंदाज होता दोन वर्षांचा. १८३६ साली सुरू झालेलं काम दंगली आणि पैशांची चणचण यांतून मधे बंद पडलं आणि बोगदा खुला झाला १८५० मध्ये. आत एका वेळी एकच बोट मावायची. सांगतात की एकदा समोरासमोर आलेल्या दोन बोटींपैकी कोणीच मागे हटेना, तेव्हा मक्याची ताटं पेटवून धुराने त्यांना बाहेर काढावं लागलं. आज आत शिरताना सायकलवरून उतरून, बॅटरी लावून चालत जायचं. आतली वाट अरुंद आणि खडबडीत आहे, छतातून पाणी ठिबकतं. उजेड कठड्यावर धरा. लाकडात बोटभर खोल खाचा दिसतील. वर्षानुवर्षं बोटींचे ताणलेले दोर त्यावरून घासत गेले, त्यांच्या या खुणा. मूळ कठड्याचा काही भाग अजून शाबूत आहे. पाटी न वाचता नुसता हात फिरवला तरी पुरे.

कालव्याची भरभराट झाली १८७० च्या दशकात. माल मुख्यतः कंबरलंडचा कोळसा. एकेका बोटीवर शंभर टनांहून जास्त कोळसा आणि मागच्या इवल्याशा खोलीत अख्खं कुटुंब. खेचरांच्या दोन जोड्या असत. एक वाटेवर, दुसरी बोटीच्या पुढच्या भागातल्या तबेल्यात विसावा घेत. साधारण सहा तासांनी पाळी बदलायची. खेचरांसोबत चालायला पुष्कळदा घरातली पोरंच.

१८८९ च्या पुराने कालवा मोडकळीला आणला आणि तो रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ साली केंद्र सरकारने तो वीस लाख डॉलरना विकत घेतला, पण पुढे टूम निघाली ती इथे मोटारींचा रस्ता करण्याची. जानेवारी १९५४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात त्या रस्त्याची बाजू घेतली. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांनाच आव्हान दिलं, माझ्यासोबत ही वाट पूर्ण चालून बघा. संपादक खरोखर गेले. २० मार्चला कंबरलंडहून मंडळी निघाली. सुरुवातीला पन्नासच्या वर, अख्खी वाट चालले फक्त नऊ जण. २७ मार्चला ते वॉशिंग्टनला पोचले. पोस्टने भूमिका बदलली, लोकमत फिरलं. १९६१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय स्मारकाचा, १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. पंचावन्न वर्षांचा न्यायाधीश पायपीट करून एक रस्ता अडवतो, ही हकीकत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते.

आता वाटेवर ठिकठिकाणी तंबू ठोकायच्या जागा आहेत, पाण्याला हापसा आहे. कंबरलंडच्या शेवटच्या खुणेपाशी थांबायचंही कारण नाही. तिथूनच ग्रेट अलेगेनी पॅसेज सुरू होतो, जुन्या रेल्वेमार्गावरची दीडशे मैलांची सायकलवाट. २०१३ मध्ये ती पिट्सबर्गपर्यंत पूर्ण झाली. तिथे अलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांचा संगम होऊन ओहायो सुरू होते, आणि संगमावरच्या बागेत सायकल उभी करून ती नदी वाहताना बघता येते.