ख्यालाची तालीम आणि नाटकातलं पद: गायक-नटाच्या पेशाची पार्श्वभूमी

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाचे पहिले चार अंक झाले आणि सूत्रधाराऐवजी पात्रं स्वतः गाऊ लागली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या नटांना मात्र ख्यालाच्या, म्हणजे राग विस्ताराने मांडणाऱ्या शास्त्रीय गायकीच्या, तालमीची गरज नव्हती. साकी, दिंडी, कामदा ही गेय वृत्तं, लावणीच्या नि कीर्तनाच्या चाली. गळा सुरेल आणि शब्द स्वच्छ असले की निभत असे.

तालीम ही अट झाली ती ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या दोन नाटकांनी. पहिल्यात ठुमरी-दादऱ्याचा, म्हणजे उपशास्त्रीय गाण्याचा, रंग होता, दुसऱ्यात थेट ख्यालाच्या बंदिशी (राग-तालात बांधलेल्या रचना) आल्या: ‘नाथ हा माझा’ यमन रागात, ‘मम आत्मा गमला’ बिहागात. या निर्णयाने नाटकाची मैफल झाली का, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो वाटतो तेवढा रुचीचा नाही, बांधणीचा आहे. बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचा तुकडा) आणि सम (तालाची पहिली मात्रा) कायम ठेवून मराठी शब्द बसवले की समेवरच्या लांब स्वराखाली कधीकधी ऱ्हस्व अक्षर येतं. ते ताणलं की शब्द फुटतो. नुसत्या ‘आ’वर घेतलेली वेगवान तान उरलासुरला अर्थ पुसते. शिवाय ख्यालाचा साचा मुळात विस्तारासाठीच असल्याने सरळ म्हटलं तर तीन मिनिटांत संपणारं पद आलाप-तानांनी सहज दहा मिनिटांवर जातं. वन्समोअर मिळाला की पुन्हा. तोवर समोरच्या पात्राने करायचं काय, हा प्रश्न संहितेत सुटलेलाच नसे. नाटकाची मैफल झाली, ही तक्रार म्हणूनच खोटी नाही. पण सगळं खापर गवयांवर फोडणं अन्यायाचं आहे. वन्समोअर प्रेक्षक देत होते आणि गल्ला त्यावर भरत होता.

बैठकीतून आलेल्या गायकाची खरी अडचण वेगळीच असते. तंबोरा कानाशी नसतो, उभं राहून गायचं असतं, आणि चढ्या आवाजातल्या गद्यानंतर लगेच षड्ज (सा) लावायचा असतो. ऑर्गनवाल्याने शेवटच्या वाक्याखाली हळूच सूर धरला नाही, तर मुखडाच खाली-वर लागतो. पुन्हा ऑर्गनमधून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही आणि त्याचा शुद्ध गांधार (ग) तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट). यमन गाणाऱ्याला ते टोचतं.

स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्यावर द्वंद्वगीतांत पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या स्वरावर धरायचा याचा, पेच आला. नायक काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी) आणि नायिका काळी चारमध्ये गात असेल, तर त्याचा पंचम (प) हा तिचा षड्ज. मग एक तर कडव्यागणिक षड्ज बदलायचा, नाहीतर मधली पट्टी धरायची. मधल्या पट्टीत तिला खर्ज (खालचे स्वर) जड आणि त्याला तारसप्तक (वरचे स्वर) ताणाचं, म्हणजे दोघेही अवघडलेले.

बोलपटांनी व्यवसाय मोडला तो काळ इथे सोडून देऊ. ‘मत्स्यगंधा’ने (१९६४) पदं आटोपशीर केली, जागा ठरलेल्या, ताना मोजक्या. ‘कट्यार काळजात घुसली’ने (१९६७) घराण्यांचा संघर्षच कथानकात आणला, त्यामुळे तिथे तान म्हणजेच संवाद ठरली. बंदिशींवरच्या जुन्या आक्षेपाला इतकं चोख उत्तर दुसऱ्या कुठल्या नाटकाने दिलेलं नाही.

आता अंगावर माइक असतो. आवाज फेकावा लागत नाही, पण तानेआधी ओढलेला श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो; म्हणून श्वासाच्या जागा आता तालमीतच पक्क्या कराव्या लागतात.