दोरी सगळेच ओढतात, पण किती?

एकीचं बळ वगैरे आपण शाळेपासून घोकत आलोय, पण रिंगलमान नावाच्या एका फ्रेंच शेती-इंजिनिअरने माणसांना दोरी ओढायला लावून ते खरंच मोजून बघितलं आणि उत्तर जरा लाजिरवाणंच निघालं. 1913 मध्ये छापलेले त्याचे आकडे असे, की एकट्या माणसाचा जोर 100 धरला तर दोघांत प्रत्येकाचा 93 होतो, तिघांत 85, आणि आठ जण झाले की माणशी 49. म्हणजे आठ जण मिळून जेमतेम चार जणांचं काम!

यात थोडा भाग ताळमेळाचा आहे, सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण 1974 मध्ये अमेरिकेत काही जणांनी गंमत केली, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, त्याला दोरीला सगळ्यात पुढे उभं केलं आणि मागच्यांना सांगितलं की नुसतं ओढल्याचं नाटक करा. आता ताळमेळ बिघडायचा प्रश्नच नाही, ओढणारा हा एकटाच, तरी पठ्ठ्याचा जोर कमी झालाच, का तर मागे माणसं आहेत ना! (खोटं कशाला बोलू, मीही असंच केलं असतं.) नंतरच्या प्रयोगांत दिसलं की प्रत्येकाचं काम वेगळं मोजलं जाणार हे कळलं की ही ढिलाई जाते.

पण कुणी मोजत नसतानाही गर्दीत वाटा सारखा पडू शकतो, अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विन बघा. भर हिवाळ्यात मादी अंडं नराकडे सोपवून समुद्रात चरायला जाते आणि नर दोन महिन्यांच्या वर ते पायांवर ठेवून उभा, पोटात काही नाही, बाहेर पार उणे 40 पर्यंत थंडी. मग हे सगळे एकमेकांना चिकटून गर्दी करतात, इतकी घट्ट की आतलं तापमान कधीकधी 37 अंशांपर्यंत जातं, म्हणजे चक्क उकडतं. मला वाटायचं मधले मजेत आणि कडेचे बिचारे गारठतात, पण तसं होत नाही. फिल्म फास्ट करून बघितल्यावर कळलं की गर्दी सतत हलतेय, दर अर्ध्या-एक मिनिटाला कुणीतरी 5-10 सेंटिमीटर सरकतो, शेजाऱ्याशी दोनेक सेंटिमीटरची फट पडली की तोही सरकतो, आणि ही लाट अख्ख्या थव्यातून फिरते. वाऱ्याच्या तोंडावरचे कडेकडेने मागे जाऊन आडोशाला घुसतात, मग आधी मधे असलेले आपोआप कडेला येतात. यात पुढारी कुणी नाही, त्याग वगैरेही नाही, प्रत्येकजण आपापली ऊब शोधतोय, पण त्यातूनच पाळी फिरत राहते.

जिथे पाळी फिरतच नाही अशी पण एक जमात आहे. डिक्टिओस्टेलियम नावाचा मातीतला अमिबा, म्हणजे एकाच पेशीचा जीव, एरवी एकेकटा फिरून बॅक्टेरिया खातो, पण उपासमार झाली की एक रसायन सोडून बाकीच्यांना हाक मारतो. हजारो, कधी लाखभर पेशी जमतात, आधी गोगलगायीसारखा एक गोळा होऊन सरकत जातात आणि मग त्याचा बारीक देठ उभा राहतो, त्याच्या टोकावर बीजाणू. एकूण पेशींपैकी साधारण 20 टक्के देठ होऊन मरतात, बाकीच्या बीजाणू होऊन वरून पसरतात आणि नवीन जागी जगतात.

साहजिकच इथेही दोरी सोडणारे निघालेच. एक म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेला अमिबा, सापडलाय, तो चांगल्या पेशींत मिसळला की देठाची जबाबदारी त्यांच्या गळ्यात मारतो आणि स्वतः बीजाणूंमध्ये आपल्या वाट्यापेक्षा जास्त जागा पटकावतो, कुणाला वाटेल मग जग याचंच व्हायला हवं. पण शास्त्रज्ञांनी नुसते हेच फुकटे एकत्र वाढवून उपाशी ठेवले तर ते जमले खरे, देठ मात्र त्यांना धड उभा करता आला नाही आणि बीजाणूही जवळपास झालेच नाहीत.