‘ओरिजिनल’मधलं काय काढायचं? : नव्या लॅपटॉपातल्या नको त्या सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की जळगावच्या गोलाणी मार्केटात नव्या लॅपटॉपची खोकी फुटायला लागतात. चोपडा, यावल, पाचोरा, पारोळा, कुठून कुठून बाप-लेक सकाळच्या एसटीने येतात. खोकं उघडून चार्जर लावला की काउंटरवरचा पोरगा विचारतो, "दादा, फॉरमॅट मारून देऊ का?" कोऱ्या मशिनला फॉरमॅट, म्हणजे आतलं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकणं, कशाला, असं उलट विचारणारा क्वचित भेटतो. आत फालतू भरलेलं असतं, ते एकदाच जाऊ द्या, एवढं दोघांनाही पाठ झालंय. पण ही सवय ज्या काळात लागली तो काळ आता उरलेला नाही.

सुरुवातीची गोष्ट थोडक्यात. विंडोज 95च्या दिवसांत आपल्याकडे बहुतेक मशिनं असेंबल केलेली असायची. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम जोडून दुकानदारच विंडोज टाकायचा, त्यामुळे आत काय आहे ते त्यालाच ठाऊक. तिकडे अमेरिकेत मात्र वाद पेटला होता. विंडोज बनवणारी कंपनी लॅपटॉप-पीसी बनवणाऱ्यांना डेस्कटॉप आणि पहिल्यांदा चालू होतानाचे पडदे बदलू देत नव्हती, आणि स्वतःचा ब्राउझर सगळ्यांच्या गळ्यात मारत होती. 1998 मध्ये सरकारने खटला भरला, 2001 मध्ये तडजोड झाली, 2002 मध्ये कोर्टाने ती मान्य केली. उत्पादकांना आपल्या पसंतीची सॉफ्टवेअर पुढे मांडायची मोकळीक मिळाली. ग्राहकाच्या निवडीसाठी मिळालेली ही मोकळीक पुढे ग्राहकाच्याच डेस्कटॉपवर गर्दी करायला कामी आली, असं मला वाटतं. कंपन्या आधीही थोडंफार भरत होत्याच. पण लॅपटॉपच्या किमती उतरल्या, नफा पातळ झाला आणि अँटिव्हायरसची ट्रायल, टूलबार, गेमचे नमुने मशिनमध्ये टाकून ते बनवणाऱ्यांकडून पैसे घेणं हा नेहमीचा धंदा झाला. 2008 मध्ये एका नामांकित जपानी कंपनीने तर हे भरलेलं काढून स्वच्छ लॅपटॉप देण्यासाठी 50 डॉलर वेगळे मागितले. बोभाटा झाला आणि शुल्क लगेच मागे घेतलं गेलं.

खानदेशात याच सुमारास वेगळंच चाललं होतं. लॅपटॉप दोन भावांत मिळायचा, विंडोजवाला आणि डॉसवाला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त. त्यात फ्रीडॉस नावाची काळी स्क्रीन यायची आणि तिचा गिऱ्हाइकाला काही उपयोग नसायचा. मग दुकानातच ‘लोडिंग’ व्हायचं. एकाच सीडीतून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, टॅली, मराठी फाँट, गाणी लावायचे दोन-तीन प्लेअर, सगळं एका झटक्यात. ‘फुल लोड करून दिला’ ही तेव्हाची शाबासकी होती. खरं तर नको असलेलं सॉफ्टवेअर भरायचं काम इथे कंपनीऐवजी दुकान करत होतं, आणि तेही बिनपरवान्याचं. त्या क्रॅकबरोबर, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, काय काय आत शिरायचं ते पेन ड्राइव्ह लावल्यावर कळायचं. फोल्डरांचे शॉर्टकट व्हायचे आणि असाइनमेंट गायब. मशिन सुस्तावलं की उपाय एकच, फॉरमॅट. डॉसवाल्या मशिनवर त्यात गमावण्यासारखं काही नव्हतं. ‘फॉरमॅट मारणे’ हे क्रियापद आपल्या बाजारात रुळलं ते असं.

या सगळ्यात ज्या एका शब्दाने सर्वात जास्त घोळ घातला तो म्हणजे ‘ओरिजिनल’.

डॉसवाल्याच्या विरुद्ध शब्द म्हणून तो आला. ‘ओरिजिनल विंडोज’ म्हणजे कंपनीकडून परवान्यासह आलेलं विंडोज, एवढाच त्याचा अर्थ. पण गिऱ्हाइकाने तो अख्ख्या मशिनला लावला. खोक्यातून निघालं ते सगळं ओरिजिनल, दुकानाने टाकलं ते डुप्लिकेट. मग साठ दिवसांची अँटिव्हायरस ट्रायल ओरिजिनल, कंपनीचं फोटो दुकान ओरिजिनल, कोपऱ्यात उसळी मारणारी ऑफरची खिडकीही ओरिजिनल. आणि ओरिजिनल काढायचं नसतं. "काढलं तर वॉरंटी जाईल ना?" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला मोजदाद नाही. वॉरंटी असते ती हार्डवेअरची. ट्रायल काढल्याने ती जात नाही, हे पटवण्यात माझे चहाचे कित्येक कप थंड झालेत. दुसरा शब्द ‘इनबिल्ट’. "अँटिव्हायरस इनबिल्ट आहे," असं विकणारा सांगायचा तेव्हा घेणाऱ्याला वाटायचं की तो मदरबोर्डवरच बसवलेला आहे, कायमचा. साठ दिवस संपले की मशिन लाल पट्टी दाखवायचं आणि माणूस घाबरून दुकानात यायचा. तिथे त्याला नव्या अँटिव्हायरसचं खोकं विकलं जायचं आणि ते जुन्या ट्रायलच्या डोक्यावर बसवलं जायचं. दोन अँटिव्हायरस एका मशिनमध्ये एकमेकांवर पहारा देत बसायचे. इंग्रजीत या भरताडाला जे शब्द आहेत त्यांनीही फार मदत केली नाही. ‘ब्लोटवेअर’ मुळात फुगत गेलेल्या, जड झालेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला म्हणत, आधीच भरून आलेल्याला नंतर म्हणू लागले. फुगलेलं आणि लादलेलं यांत फरक आहे. मराठीत मी ‘भरताड’ म्हणतो. कंपनीने दिलंय ते आणि आपण विकत घेतलंय ते एकच नाही, हे त्या शब्दातून निदान कळतं.

2013चा एक लॅपटॉप मला आठवतो. रावेरकडचे एक केळीवाले मुलीसाठी घेऊन गेले होते आणि आठव्या दिवशी परत आले. 4 जीबी रॅम, 500 जीबीची संथ हार्ड डिस्क, विंडोज 8. चालू केल्यापासून माऊस मोकळा हलायला चार मिनिटं लागत होती, मी घड्याळ लावून पाहिलं. टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीलाच उठणाऱ्या 17 नोंदी होत्या. त्यांतल्या 11 त्या मुलीच्या काहीच कामाच्या नव्हत्या. घरी नेट डोंगलचं, महिन्याला मोजून 2 जीबी, आणि कंपनीचे तीन-चार अपडेटर तेच पीत बसलेले. वडिलांनी विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" मी एकेक दाखवत गेलो. ते म्हणाले, केळीची पिल्लं वेळेवर कापली नाहीत तर मुख्य खोडाचा घड भरत नाही, तसंच हे. त्या दिवशी फॉरमॅट न मारता कंट्रोल पॅनलमधून एकेक काढलं. तासभर लागला. मशिन दीड मिनिटावर आलं.

तसं पाहता फॉरमॅट सोपा पडला असता, पण विंडोज 8 पासून एक गोष्ट बदलली होती. विंडोज 7पर्यंत परवान्याची की, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा कोड, लॅपटॉपच्या पोटावर चिकटवलेल्या स्टिकरवर असायची. वर्षभरात ती घामाने आणि घासून पुसून जायची. त्यात फॉरमॅट मारणारा डिस्कचे सगळे भाग, म्हणजे पार्टिशनं, उडवायचा आणि मूळ विंडोज परत बसवण्यासाठी राखलेलं कंपनीचं रिकव्हरी पार्टिशनही त्यातच जायचं. म्हणजे पैसे देऊन घेतलेला परवाना पुसून त्यावर फुकटचं क्रॅक बसायचं. गिऱ्हाइकाला पत्ताही नसायचा. आमच्या बाजाराने त्या काळात लोकांचं जे नुकसान केलं त्यात हे सर्वात मोठं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. 2012 नंतर की बायोसमध्येच, म्हणजे मशिन चालू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्येच, बसू लागली. स्टिकर गेला. तीच आवृत्ती टाकली तर विंडोज की आपोआप उचलतं. तरी होम आवृत्तीच्या लॅपटॉपवर ‘प्रो टाकून देतो’ म्हणत क्रॅक मारायची सवय काही वर्षं टिकलीच. उलट रिकव्हरी पार्टिशन वापरून मशिन कारखान्याच्या स्थितीला आणावं, तर सगळं भरताड परत हजर.

2014-15 मध्ये प्रश्न सुस्तपणाच्या पलीकडे गेला. एका बड्या चिनी कंपनीच्या काही मॉडेलांत सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर भरलेलं आलं. वेबपानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने स्वतःचं मूळ प्रमाणपत्र, म्हणजे साइट खरी की खोटी ते मशिन ज्याच्या भरवशावर ठरवतं ते, मशिनमध्ये बसवलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. ती फुटल्यावर बँकेच्या साइटची हुबेहूब नक्कलही त्या मशिनला खरी वाटू शकत होती. प्रोग्राम अनइन्स्टॉल केला तरी प्रमाणपत्र मागे राहायचं. ते हाताने शोधून काढावं लागे. 2017 मध्ये अमेरिकेत त्या कंपनीला 32 राज्यांना मिळून 35 लाख डॉलर द्यावे लागले. दरम्यान ऑगस्ट 2015 मध्ये त्याच कंपनीचं आणखी एक प्रकरण बाहेर आलं. बायोसमध्ये ठेवलेला छोटा प्रोग्राम विंडोज चालू होताना स्वतःहून आत उतरत होता. विंडोज 8 पासून तशी अधिकृत सोयच आहे, चोरीविरोधी सॉफ्टवेअर टिकावं म्हणून केलेली. याचा अर्थ, कोऱ्या डिस्कवर कोरं विंडोज टाकलं तरी कंपनीचा माणूस दारात उभाच. फॉरमॅट हा शेवटचा शब्द नव्हे, हे त्या महिन्यात माझ्यापुरतं ठरलं.

विंडोज 10 आलं 2015 मध्ये, आणि भरताड विंडोजकडूनच यायला लागलं. स्टार्ट मेनूत गेमच्या फरशा. त्यांतल्या कित्येक नुसत्या पाट्या, हात लावल्यावर खालून डाउनलोड सुरू. एका खात्यातून काढलेलं दुसरं खातं उघडल्यावर परत दिसायचं, कारण मूळ साठा मशिनमध्ये तसाच राहायचा. तो पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीतून, वेगळा काढावा लागतो.

आज फॉरमॅट मारणाऱ्यापुढे नवे खड्डे आहेत. अकराव्या पिढीच्या इंटेलपासून पुढच्या अनेक मशिनांत पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकायला बसलं की मशिनमधला ड्राइव्हच दिसत नाही. स्टोरेजचा वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. ते ठाऊक नसलेला पोरगा बायोसमध्ये खटपट करतो, आणि मग मूळ विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, 48 आकड्यांची की मागतं. ती असते मालकाच्या ऑनलाइन खात्यात, आणि ते खातं दुकानातल्याच कुणीतरी भलत्या ईमेलने उघडलेलं. लॅपटॉपबरोबर आलेलं, किमतीत धरलेलं ऑफिस आपल्या खात्याला जोडायच्या आधीच फॉरमॅट झाला तर ते मागाहून शोधत बसावं लागतं. हाताने काढतानाही सरसकट कोयता चालवून भागत नाही. कंपनीचं म्हणून सगळं उडवलं की ब्राइटनेसची बटणं बंद पडतात, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय जाते. वरणगावच्या एका शिक्षकांचा टचपॅड असाच तीन दिवस मुका होता.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10ला कंपनीचा नेहमीचा आधार (सुरक्षा अपडेट) मिळणं संपलं आणि जुनी मशिनं बदलण्याची लाट आली, म्हणून हा विषय पुन्हा काउंटरवर आहे. कायद्याच्या बाजूने युरोप पुढे गेला. तिथे 2024 पासून विंडोजमधला ब्राउझरसुद्धा ग्राहकाला काढता येतो. आपल्याकडे जे घडलं ते मोबाइलवर. ऑक्टोबर 2022 मध्ये देशातल्या स्पर्धा नियामकाने अँड्रॉइडवाल्या कंपनीला 1337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि आधीच भरलेली ॲप ग्राहकाला काढू द्या असंही सांगितलं. मार्च 2023 मध्ये अपिलात दंड कायम राहिला, पण ॲप काढू देण्याचा नेमका तो आदेश रद्द झाला. बातम्या दंडाच्या आकड्यावर थांबल्या. माझ्या गिऱ्हाइकाच्या कामाचं होतं ते दुसरं वाक्य. नोव्हेंबर 2025 मध्ये तर सरकारनेच एक सुरक्षा ॲप नव्या फोनांत सक्तीने भरून द्यायला सांगितलं, आणि विरोध झाल्यावर 3 डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली. हे सगळं फोनपुरतं. लॅपटॉपचं खोकं उघडल्यावर आतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते अजून काउंटरवर, दोन माणसांतच ठरतं.