इरेचा: पाणवठ्यावरच्या एका सणामागचा इतिहास

इथिओपियात मोठा पाऊस सप्टेंबरात ओसरतो. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओरोमो समाजाची लाखो माणसं बिशोफ्तूची वाट धरतात. हे शहर राजधानी अदिस अबाबाच्या आग्नेयेला सुमारे ४५ किलोमीटरवर आहे आणि तिथे ज्वालामुखीच्या विवरात होरा अर्सादी नावाचं तळं आहे. पुढे सींके नावाची बारीक काठी घेतलेल्या बायका, मागे गडा या ओरोमोंच्या जुन्या राज्यव्यवस्थेचे मानकरी, आणि प्रत्येकाच्या हातात ओल्या गवताची जुडी व पिवळी रानफुलं. जुडी पाण्यात बुडवायची, स्वतःच्या आणि शेजारच्याच्या अंगावर शिंपडायची आणि पाऊस दिल्याबद्दल वाकाचे आभार मानायचे. हाच इरेचा. विधी अर्ध्या तासात उरकेल, पण त्याच्या बंदोबस्ताला सरकार फौजफाटा का लावतं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

वाका हा ओरोमोंचा एकमेव देव. त्याला ते काळा म्हणतात. वाकेफन्ना या त्यांच्या मूळ धर्मात मूर्ती नाही, पोथी नाही. ओडा नावाचं उंबराच्या कुळातलं ऐसपैस झाड हेच देऊळ आणि तीच चावडी. काल्लू हे पुजारी घराणं. माणूस, गुरं आणि जमीन यांच्याशी कसं वागावं याची जी मर्यादा, ती साफू. बोराना या ओरोमोंच्या दक्षिणेकडच्या शाखेत अख्खी कॉफीफळं लोण्यात तळून आधी वाकाला अर्पण करतात, वडीलधारे आशीर्वाद म्हणतात आणि मग ती पाहुण्यांना मिळतात. कॉफीचं रोप मूळचं इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या जंगलांतलं, म्हणजे ओरोमोंच्या शेजारचंच.

आज मात्र ओरोमियात, म्हणजे ओरोमोंच्या प्रांतात, निव्वळ वाकेफन्ना पाळणारे थोडेच. २००७ च्या जनगणनेत तिथे जवळपास निम्मे लोक मुस्लिम होते, साधारण तीस टक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि त्याखालोखाल प्रोटेस्टंट. तरी तळ्याकाठी हे सगळे येतात. काही पाद्री आणि मौलवी त्यावर नाराज असतात. बाकीचे ‘हा धर्म नव्हे, संस्कृती’ म्हणून मोकळे होतात. देवापेक्षा इथे गडाचं वजन जास्त आहे, असं मला वाटतं.

गडा म्हणजे पुरुषांच्या पिढ्या आणि सत्ता यांची सांगड घालणारं चक्र. एकूण पाच गट. एकेकाकडे आठ वर्षं कारभार, म्हणजे चाळीस वर्षांनी फेरा पुरा. प्रत्येक पुरुष आयुष्यात गडाच्या पायऱ्या एकेक करून चढत जातो. मुलाची पायरी त्याच्या वयावरून नाही, बापावरून ठरते: बापाच्या मागे बरोबर पाच पायऱ्या. बोरानांत सगळ्यात खालच्या पायरीवरचे मुलगे मुलींसारखे लांब केस राखतात आणि त्यांच्यावर कुणी हात उगारत नाही. वरच्या पायरीवरचा अब्बा गडा, म्हणजे प्रमुख, आठ वर्षं झाली की पायउतार होतो. गुमी गायो ही बोरानांची महासभाही दर आठ वर्षांनी भरते. कायदे तिथेच घडतात आणि नेत्यांना जाबही तिथेच विचारला जातो. याला आफ्रिकेची अस्सल लोकशाही म्हणण्याची हल्ली पद्धत आहे. त्यात तथ्य आहे, पण बायकांना या चक्रात जागा नव्हती. अन्याय झाला की त्या सींके हातात घेऊन घराबाहेर पडत आणि दाद मिळेपर्यंत परतत नसत. तो हक्क त्यांचा स्वतंत्र.

शिवाय गडा लढाऊही होती. सोळाव्या शतकात अदल या मुस्लिम राज्याचा सेनानी अहमद ग्रान्य आणि ख्रिस्ती सम्राट यांच्या युद्धाने दोन्ही राज्यं खिळखिळी केली आणि दक्षिणेतून ओरोमो वेगाने उत्तरेकडे पसरले. १५९३ च्या सुमाराला बाहरे नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने हे लिहून ठेवलं. लेखणी शत्रूची, पण त्याची मांडणीच गडाच्या पिढ्यांनुसार आहे: कोणत्या पिढीने कोणता मुलूख मारला. जिंकलेल्यांना कुळात दत्तक घ्यायची रीत असल्याने भाषाही पसरली. पुढे गिबे नदीच्या खोऱ्यात जिम्मासारखी ओरोमो राज्यंही उभी राहिली. तिथे राजे आले आणि गडा मागे पडली.

एकोणिसाव्या शतकात या गोष्टीत मुंबई डोकावते. १८४१ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिसला मध्य इथिओपियातल्या शोआच्या राजाकडे वकील म्हणून धाडलं. राजा साहले सेलासीने फिनफिनेच्या खोऱ्यातल्या ओरोमोंवर घातलेल्या छाप्याचं, जाळलेल्या गावांचं आणि हाकून नेलेल्या गुरांचं वर्णन त्याने लिहून ठेवलं आहे. १८६८ मध्ये मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोस याच्या मगडाला गडावर चालून गेला, तेव्हा त्याची पळवाट रोखून धरली होती ती वोलो प्रांतातल्या ओरोमोंनी.

साहले सेलासीचा नातू मेनेलिक, पुढे इथिओपियाचा सम्राट. त्याने युरोपी बंदुकांच्या जोरावर दक्षिण जिंकली; अर्सी ओरोमोंनी १८८६ पर्यंत झुंज दिली. त्याचा नामांकित सेनापती गोबाना स्वतः ओरोमो होता, हेही नोंदवायला हवं. जमीन सैनिकांना वाटली गेली आणि कसणारे त्यांचे वेठबिगार झाले. अर्सी मोठ्या संख्येने मुस्लिम झाले, त्यामागे जेत्यांचा धर्म नको ही भावनाही होती. त्याच १८८६ मध्ये फिनफिनेच्या गरम झऱ्यांपाशी अदिस अबाबा वसलं.

भाषेची गोष्ट याहून वेगळी नाही. गुलामीतून सुटलेला ओनेसिमोस नेसिब आणि त्याची सहकारी आस्तेर गन्नो यांनी ओरोमो बायबल सिद्ध केलं. ते १८९९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापलं गेलं. सम्राट हैले सेलासीच्या काळात मात्र शाळेत आणि छापखान्यात ओरोमोला मज्जाव होता. बिशोफ्तूचं नावही बदलून देब्रे झेइत झालं. १९७५ च्या जमीन कायद्याने जमीनदारी संपवली. ओरोमोची लिपी मात्र १९९१ मध्ये ठरली: रोमन अक्षरांची कुबे.

मग २०१४ मध्ये अदिस अबाबाचा विस्तार आराखडा आला. शहर आसपासच्या ओरोमो शेतजमिनी गिळणार, या धास्तीने आंदोलन पेटलं. २ ऑक्टोबर २०१६ ला, ऐन इरेचात, घोषणा सुरू झाल्या, अश्रुधूर सुटला आणि पळणारी माणसं खोल चरात पडली. सरकारी आकडा ५५ मृत्यूंचा. विरोधकांचा त्याहून कितीतरी मोठा. आठवडाभरात आणीबाणी लागली. ती चालू असतानाच, दोन महिन्यांनी, युनेस्कोच्या समितीने गडाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, आणि ती बैठक भरली होती अदिस अबाबातच.

२०१८ मध्ये अबिय अहमद पंतप्रधान झाले. वडील ओरोमो मुस्लिम. पुढच्याच वर्षी इरेचा राजधानीत भरला, ‘दीडशे वर्षांनी’ अशी जाहिरात होऊन. शहराचं वय तेव्हा १३३ होतं, पण त्या दिवशी हिशेब शहराचा नव्हताच, फिनफिनेचा होता. जून २०२० मध्ये ओरोमो गायक हाचालू हुंदेसाचा खून झाला, पश्चिम ओरोमियात सशस्त्र संघर्ष वाढत गेला, आणि २०२१ च्या इरेचात ओरोमो पंतप्रधानाविरुद्धच घोषणा घुमल्या. आता शनिवारी राजधानीत आणि रविवारी बिशोफ्तूला, असा दोन दिवसांचा इरेचा होतो. बंदोबस्त दोन्हीकडे असतो.