कमी पैशात इअरफोन घेताय? आधी कानातली फट बघा

पंधराशे रुपयांत चांगले इअरफोन कुठले असं कुणी विचारलं की लगेच मॉडेलची नावं सुरू होतात. नावं नंतर सांगतो, आधी कानात काय होतं ते बघू, कारण बजेट कमी असताना हीच माहिती सगळ्यात जास्त कामाला येते.

इन-इअर इअरफोन घट्ट बसला की त्याच्या आणि कानाच्या पडद्याच्या मधे हवेची छोटीशी बंद जागा उरते. आतला ड्रायव्हर, म्हणजे छोटासा स्पीकर, मागेपुढे हलतो, ही कोंडलेली हवा दाबली जाते, सैल होते, आणि तो दाब थेट पडद्यावर पोचतो. आता बेस म्हणजे खालचे जाड सूर, ५०-१०० हर्ट्झची (सेकंदाला तेवढी) सावकाश कंपनं, त्यामुळे कडेला बारीकशी फट असली तरी हवेला निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि दाब तयारच होत नाही. वरच्या सुरांवर तेवढा परिणाम होत नाही. मग तबला ऐकताना चाट खणखणीत ऐकू येते पण डग्गा गायब, आणि लोक म्हणतात इअरफोनच फालतू आहे, दुसरा घेऊया! खरं तर फक्त टिप, म्हणजे कानात जाणारी टोकाची मऊ टोपी, बदलायची गरज असते.

तपासायला सोपं आहे. इअरफोन घालून काही न लावता थोडं बोला, स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर बसलाय नीट. मग बेस असलेलं गाणं लावून बोटाने हलकेच आत दाबा, दाबल्यावर बेस एकदम वाढला तर टिप लहान पडतेय, मोठी लावा. डावा आणि उजवा कान सारखाच असतो असंही नाही, एका कानाला मीडियम आणि दुसऱ्याला लार्ज लागू शकते, बिनधास्त लावा. बॉक्समधली एकही टिप जमली नाही तर सिलिकॉनच्या किंवा फोमच्या टिप्स वेगळ्या मिळतात, नवीन इअरफोनपेक्षा खूपच स्वस्तात.

आता किंमत. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन्सची मोजमापं आणि त्यांच्या किमती ताडून बघितल्या, त्यात इन-इअरही होते, तर फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणजे कुठला सूर किती जोरात येतो याचा आणि किमतीचा काहीच संबंध सापडला नाही. महागात मजबुती, वॉरंटी, फीचर्स मिळत असतील, पण चांगला आवाज मिळेलच असं नाही. कमी पैसेवाल्यांसाठी याहून चांगली बातमी नाही.

मग चांगला आवाज कशाला म्हणायचं? आपली कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला बंद, त्यामुळे ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर ती नैसर्गिकपणे वाढवते आणि मेंदूला त्याचीच सवय असते. इअरफोनने नळीचं तोंड बंद केलं की हे गणित बिघडतं, म्हणून तेवढा उठाव इअरफोनलाच द्यावा लागतो. तो कमी पडला तर गाणारा पडद्याआडून गातोय असं वाटतं, जास्त झाला तर कान टोचतात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या हार्मन कंपनीतल्या सहकाऱ्यांनी भरपूर श्रोत्यांना ऐकवून लोकांना साधारण कसा आवाज आवडतो याची ग्राफवर एक रेषा काढली, आणि आता स्वस्तातल्या कंपन्याही त्या रेषेच्या जवळ जायचा प्रयत्न करतात. म्हणून बॉक्सवरचं "२० ते २०००० हर्ट्झ" किंवा ड्रायव्हर किती एमएमचा हे सोडून द्या, त्यावरून काही कळत नाही. मॉडेलचा मोजलेला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा ग्राफ नेटवर मिळतो का ते बघा.

माझं मत विचाराल तर या बजेटमध्ये वायरवालाच घ्या. वायरलेसमध्ये त्याच पैशांत बॅटरी, ब्लूटूथ चिप, चार्जिंग केस सगळं बसवावं लागतं आणि बॅटरी काही वर्षांत दमते, ती बदलणंही बहुतेक वेळा परवडत नाही. केझेड, मूनड्रॉप या कंपन्यांचे काही वायरवाले या बजेटच्या आसपास मिळतात, वायर निघणारी असेल तर उत्तम, कारण आधी तुटते ती वायरच. फोनला जॅक नसेल तर यूएसबी-सीचा डॅकवाला (डिजिटल सिग्नलचा इअरफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप असलेला) डोंगल लागेल, तो खर्च आधीच धरा.

दुकानात दोन इअरफोन ऐकताना आवाज सारखा करून घ्या, थोडा जोरात वाजणारा आपल्याला उगाचच चांगला वाटतो.

आणि लोकलमध्ये ऐकणाऱ्यांनो, गाडीच्या खडखडाटावर मात करायला व्हॉल्यूम वाढवत जाऊ नका! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ठीक, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास. घट्ट टिप बाहेरचा आवाजच अडवते, मग कमी व्हॉल्यूममध्ये भागतं. मात्र रूळ किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही बाजू काढा.

काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच टाकून देऊ नका, बहुतेकदा जाळीत मळ अडकलेला असतो. टिप काढा, जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने हळूच झाडा, पाणी अजिबात लावू नका.