पंचेचाळीसवर काठोकाठ आशा

१९९८ साली ब्रिटनमध्ये एक गाणं विक्रीच्या यादीत आठवडाभर पहिल्या क्रमांकावर होतं. त्यात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांची नावं येतात, आणि आशा तर शीर्षकातच आहे. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाण्याचं नाव, कॉर्नरशॉप हे बँडचं. आपल्याकडे ‘आशाताईंवरचं इंग्रजी गाणं’ एवढीच त्याची ओळख उरली आहे. ती चुकीची नाही, पण फार तोकडी आहे. या गाण्याची मुळं मुंबईच्या स्टुडिओंइतकीच इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शहरांत आहेत.

ते लिहिणारा आणि गाणारा तजिंदर सिंग १९६८ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मला. साल आणि शहर, दोन्ही ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. युद्धानंतर तिथल्या फाउंड्र्यांत आणि कारखान्यांत माणसं हवी होती, म्हणून पंजाबातून हजारो लोक गेले. १९६७ मध्ये तिथल्या एका शीख बसचालकाला पगडी आणि दाढीमुळे कामावरून परत पाठवण्यात आलं. त्यावरून पेटलेला वाद एप्रिल १९६९ पर्यंत चालला आणि शेवटी वाहतूक समितीला नियम मागे घ्यावा लागला. हा वाद ऐन भरात असताना, २० एप्रिल १९६८ रोजी, त्याच शहराचे खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्धचं ते कुप्रसिद्ध भाषण केलं, ज्यात त्यांना रक्ताने फेसाळणारी नदी दिसत होती. दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना शॅडो कॅबिनेटमधून, म्हणजे विरोधी पक्षाच्या प्रति-मंत्रिमंडळातून, काढलं. पण भाषण रस्त्यावर पोचायचं ते पोचलं होतं. तजिंदरची पिढी त्या रस्त्यांवर वाढली.

घरात मात्र दुसरा देश होता. शनिवार-रविवारी थिएटर भाड्याने घेऊन हिंदी सिनेमे दाखवले जायचे आणि अख्खी कुटुंबं तिथे लोटायची. त्याच १९६८ मध्ये बीबीसीने बर्मिंगहॅमहून ‘नई जिंदगी नया जीवन’ हा कार्यक्रम सुरू केला. तो रविवारी सकाळी लागायचा. आणि उरलेल्या आठवड्यासाठी होत्या तबकड्या.

तबकडीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा ‘फोर्टी फाइव्ह’ म्हणजे तीच: मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने ती १९४९ मध्ये आणली. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी कोलकात्याजवळ दमदमच्या कारखान्यात निघायच्या आणि ती कंपनी तेव्हा लंडनच्या ईएमआयच्या मालकीची होती. म्हणजे मुंबईत गायलेलं गाणं बंगालमध्ये दाबलं जायचं, त्याचा नफा लंडनला जायचा, आणि तीच तबकडी कुणाच्या तरी ट्रंकेतून वुल्व्हरहॅम्प्टनच्या बैठकीच्या खोलीत येऊन वाजायची. एवढा प्रवास त्या सात इंचांत होता.

बँड जमला तो लेस्टरला, १९९१ मध्ये. तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि डेव्हिड चेंबर्स. बेनशी तजिंदरची ओळख प्रेस्टनला पॉलिटेक्निकमध्ये शिकताना झालेली. लेस्टरचीही एक कथा आहे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा सुमारे २८ हजार जण ब्रिटनला आले. लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्याकडे येऊ नका’ असं कळवलं होतं. लोक तरीही आले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी दुकानं थाटली. कोपऱ्यावरचं, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं दुकान म्हणजे आशियाई माणूस, असं समीकरण ब्रिटिश विनोदात पक्कं बसलं. या चौघांनी चिडवण्याचा तोच शब्द उचलून स्वतःच्या बँडच्या पाटीवर लिहिला.

सुरुवातीचं त्यांचं संगीत खरखरीत होतं, गिटारच्या गोंगाटाचं आणि रागाचं. १९९३ मधली पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, त्यांनी करीच्या रंगाच्या व्हायनिलवर काढली. त्याआधीच एका प्रसंगाने ते बातम्यांत आले होते. ऑगस्ट १९९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या मैफलीत ब्रिटिश गायक मॉरिसी युनियन जॅक घेऊन, म्हणजे अतिउजव्यांनी आपलासा केलेला ब्रिटनचा झेंडा घेऊन, रंगमंचावर आला. त्याच्या गाण्यांतून बंगाली माणसाचं जे चित्रण झालं होतं त्यावर आधीपासूनच कुरबुर होती. ब्रिटिश इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांचं, संगीत ऐकत मोठ्या झालेल्या आशियाई मुलांना हे फार लागलं, कारण हा त्यांचा आवडता गायक होता. कॉर्नरशॉपने त्याच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआयच्या कार्यालयाबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. ज्या कंपनीच्या दारात हे घडलं, तिच्याच दमदमच्या तबकड्या या मुलांच्या आईवडिलांनी जपून ठेवल्या होत्या. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ऐकताना मला हे दोन धागे नेहमी एकत्र आठवतात.

पाच वर्षांत राग ओसरला असं मी म्हणणार नाही, पण त्याने वेगळी वाट धरली. अमेरिकेत गायक डेव्हिड बर्नच्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ हा तिसरा अल्बम आला. त्याच्या शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ चक्क पंजाबीत आहे. जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये ज्या गाण्यात सतार वाजवली तेच हे गाणं. आणि याच अल्बममध्ये आहे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’.

रचना अगदी साधी: तीन कॉर्ड, तेच आवर्तन, घाई नसलेला ठेका. शब्द मात्र दाट आहेत. सुरुवात पडद्यामागच्या जगापासून होते, आणि तिथल्या त्या बाईला ‘साडी रानी’ म्हटलंय. मराठी कानाला यात नेसायची साडी ऐकू येते, पण हा पंजाबी शब्द आहे. साडी म्हणजे आपली. आपली राणी.

ही राणी पडद्यावर कधी दिसत नाही, हेच गाण्याचं मर्म. पार्श्वगायकांना आपल्या सिनेमाने सुरुवातीला नावही दिलं नव्हतं. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या गाण्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून पात्राचं नाव होतं, कामिनी. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पारितोषिक ठेवलं ते १९५९ मध्ये, तेही लताबाईंनी आग्रह धरल्यावर. सांगलीजवळच्या गोअरला १९३३ मध्ये जन्मलेल्या आशाबाईंनी १९४३ मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटापासून गायला सुरुवात केली आणि नंतर कितीतरी नायिकांना आवाज दिला. चेहरा एकीचा, आवाज दुसरीचा. काउंटरमागे उभं राहणाऱ्या आणि गिऱ्हाइकांना चेहऱ्याने कधीच नीट न आठवणाऱ्या लोकांत वाढलेल्या मुलाला ही गोष्ट का भिडली असेल, ते वेगळं सांगायला नको.

मधल्या ओळींत सरकारचे इशारे, साधेपणाचा प्रचार आणि बांधली जाणारी धरणं यांचा उल्लेख येतो, आणि या सगळ्याची आम्हाला फिकीर नाही असं गाणं म्हणतं. परदेशी श्रोते इथे अडखळतात. मला मात्र त्यात आपली जुनी थिएटरं दिसतात. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट मुख्य सिनेमाआधी दाखवणं सक्तीचं होतं. धरणाच्या भिंती, कालवे, काटकसरीचे धडे, आणि अंधारात सिनेमा सुरू होण्याची वाट पाहणारी माणसं. हा अर्थ माझा आहे, तजिंदरने तो दिलेला नाही. पण त्याच ओळींत थिएटरमधल्या खुर्च्यांच्या रांगांमधली वाट उजळून निघते, म्हणून तो मला सोडवत नाही.

आणि मग ती यादी. रफी, पंचेचाळीस. लता, पंचेचाळीस. त्यांच्या रांगेत फ्रेंच गायक जॅक द्युट्रोंक, मार्क बोलनचा अल्बम, जमैकाचं संगीत ब्रिटनमध्ये विकणारी ट्रोजन कंपनी, ऑल इंडिया रेडिओ, टू-इन-वन. फर्ग्युसनही आहे. हे नाव ऐकलं की आपल्याला पुणं आठवतं, पण ही ब्रिटिश कंपनी, घरोघरी असणारे रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर बनवणारी. यादीत कुठलीच क्रमवारी लावलेली नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. त्या काळात ब्रिटिश बँड सतार आणि संस्कृत श्लोक पाहुण्यासारखे वापरत होते. इथे लता आणि बोलन एकाच कपाटात शेजारी उभे आहेत, कारण त्या घरात ते तसेच उभे होते. ‘आशा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ तजिंदरला ठाऊक होते. काठोकाठ भरलेलं काय आहे, गायिका की उमेद, हे त्याने मुद्दाम मोकळं सोडलं.

ऑगस्ट १९९७ मध्ये सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची स्वतंत्र रेकॉर्ड, निघालं तेव्हा ते ६० व्या क्रमांकावर अडलं. पण जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमाच्या श्रोत्यांनी वर्षाअखेरीच्या मतदानात त्याला पहिलं ठरवलं. मग ब्रायटनच्या नॉर्मन कुकने, म्हणजे फॅटबॉय स्लिमने, त्याचं रीमिक्स केलं. वेग वाढवला, त्याबरोबर आवाजाची पट्टी चढली, खाली दणदणीत ड्रम आले. लग्नाच्या वरातीत वाजावं असं ते झालं. मला मूळचं संथ गाणंच जास्त जवळचं आहे, कारण त्यात एकेक नाव उच्चारायला सवड आहे. तरी हेही मान्य करायला हवं की रीमिक्स नसतं तर ती नावं एवढ्या कानांवर गेली नसती.

ब्रिटनची सिंगल्सची यादी तेव्हा बीबीसीच्या रेडिओ वनवर दर रविवारी संध्याकाळी खालून वर वाचली जायची, पहिल्या क्रमांकाचं गाणं शेवटी. २२ फेब्रुवारी १९९८ च्या रविवारी सेलिन डिऑनचं ‘टायटॅनिक’मधलं गाणं पहिल्या जागेवरून उतरलं आणि कॉर्नरशॉप तिथे आलं. पुढच्या रविवारी मॅडोना आली. तीस वर्षांपूर्वी याच बीबीसीने या लोकांच्या भाषेसाठी रविवारची सकाळ दिली होती. त्या रविवारी संध्याकाळी, अख्ख्या देशाने रेडिओ लावलेला असताना, शेवटी वाजलेल्या गाण्यात रफी होते, लता होत्या, आणि काठोकाठ आशा होती.