अकोला–खंडवा लोहमार्ग

अकोला–खंडवा लोहमार्ग : वऱ्हाडातील अकोला आणि मध्य प्रदेशाच्या निमाड भागातील खंडवा या दोन जंक्शनांना सातपुड्यातून जोडणारा सुमारे १७६ किमी. लांबीचा रेल्वेमार्ग. मूळचा तो मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला. वऱ्हाडात त्याला ‘छोटी लाईन’ म्हणत. पूर्णा–हिंगोली–वाशीम–अकोला–खंडवा या सलग जोडमार्गाचा हा उत्तरेकडचा तुकडा. रुंदीकरणासाठी तो १ जानेवारी २०१७ पासून बंद करण्यात आला आणि तेव्हापासून अकोल्याहून सातपुड्यातून थेट खंडव्याला जाणारी गाडी राहिलेली नाही.

एवढ्या लांबीचे मार्ग देशात पुष्कळ आहेत. या मार्गाची दखल घ्यायची ती त्याने काय जोडले होते म्हणून. त्याच्या एका टोकाला होळकरांची रेल्वे होती आणि दुसऱ्या बाजूला, अकोल्याच्या पुढे हिंगोलीला, निजामाची. संस्थाने विलीन झाल्यावर त्यांचे रूळही एकमेकांना मिळावेत, या गरजेतून मधला तुकडा बांधला गेला. पुढे जवळपास अर्धशतकाने रुंदीकरणाच्या ओघात तोच तुकडा पुन्हा मधून तुटला. दुर्लक्षित प्रादेशिक रेल्वेमार्गांचे पुनरुज्जीवन आणि राष्ट्रीय एकात्मता हे दोन विषय एकत्र बोलले जातात, तेव्हा मोघम भाषणांपेक्षा हे एक उदाहरण तपशिलाने पाहणे अधिक उपयोगाचे.

पूर्वपीठिका : १८७० मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा–इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षांची. संस्थानिकाने सरकारला पैसे द्यायचे आणि तेही शंभर वर्षांच्या बोलीवर, हा व्यवहार आजही कौतुकाने सांगितला जातो. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद रुळांची मोठी लाईन, खंडव्यावरून जात असे. तिथून नर्मदा ओलांडून महूच्या घाटाने इंदूरपर्यंत होळकर स्टेट रेल्वे गेली. पुढे ती राजपुताना–माळवा रेल्वेच्या जाळ्यात आली आणि खंडवा हे त्या जाळ्याचे दक्षिण टोक ठरले. तिथून वर रतलाम, चित्तोड, अजमेर, जयपूर अशी एकाच मापाची लोखंडी वाट होती.

दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाली. हैदराबादहून निघून नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबादवरून ती मनमाडला येई. तीही मीटर गेजचीच. १९१२ मध्ये तिला पूर्णेहून हिंगोलीपर्यंत फाटा काढला गेला. हिंगोली तेव्हा कापसाची पेठ होती आणि हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेची जुनी छावणीही. फाटा हिंगोलीतच संपला. पुढे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, आणि निजामाच्या रेल्वेला तिकडे जाण्याचे कारण नव्हते.

याचा परिणाम असा झाला की उत्तरेचे मीटर गेज खंडव्याला थबकलेले आणि दक्षिणेचे हिंगोलीला. मध्ये सुमारे ३०० किमी.चा खंड. मुंबईहून निघालेले दोन ब्रॉडगेज मार्ग, एक जबलपूरचा आणि एक नागपूरचा, या खंडातून आडवे गेलेले होते; उभा मार्ग मात्र एकही नव्हता. राजस्थानातल्या डब्यात भरलेला माल मराठवाड्यात उतरवायचा तर तो आधी खंडव्याला मोठ्या गाडीत चढवा, मग मनमाडला पुन्हा छोटीत टाका. हमालांना काम मिळे, व्यापाऱ्याचे मात्र दिवस आणि पोती दोन्ही कमी होत.

बांधणी : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले आणि निजामाची रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. त्यानंतरच्या दशकात खंडवा–हिंगोली जोडमार्गाचे काम झाले आणि १९६० च्या सुमारास तो पुरा झाला. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. काम हाती घेतले तेव्हा हिंगोली हैदराबाद राज्यात, तर अकोला आणि खंडवा दोन्ही मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. अकोला आणि हिंगोली मुंबई राज्यात आले, खंडवा मध्य प्रदेशात राहिले. १९६० मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले. सीमा भाषेप्रमाणे नव्याने आखल्या जात होत्या आणि त्याच वर्षांत या सीमांना छेदणारे रूळ अंथरले जात होते. या दोन्ही गोष्टी कोणी ठरवून एकत्र केल्या असे मानायचे कारण नाही, पण एकीमुळे होणारा दुरावा दुसरीने काहीसा भरून निघाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जोडमार्ग पुरा झाल्यावर राजस्थानापासून पार तमिळनाडूपर्यंत मीटर गेजचे रूळ सलग झाले. जयपूर आणि हैदराबादेतील काचीगुडा यांच्यामधली मीनाक्षी एक्सप्रेस ही या मार्गाची ओळख. गाडी मदुराईला कधी गेली नाही, तरी नाव मदुराईच्या देवीचे. दक्षिणेकडचे मार्ग रुंद होत गेले तशी ती आखडत पूर्णेपर्यंतच येऊ लागली, पण मराठवाड्यात आणि वऱ्हाडात अखेरपर्यंत ‘मीनाक्षी’ म्हटले की राजस्थानची गाडी असाच अर्थ होता.

धुळघाटचा वेढा : अकोल्याहून अकोटपर्यंतचे ४४ किमी. सपाट काळ्या जमिनीतून जातात. कपाशी, तूर आणि अधूनमधून केळीची बाग. अकोट सोडले की समोर सातपुड्याची भिंत दिसू लागते. हिवरखेडनंतर मार्ग वान नदीच्या आसऱ्याने डोंगरात शिरतो. धुळघाटजवळ चढ एवढा की सरळ रेषेत गाडी वर जाणे शक्य नव्हते. तेव्हा अभियंत्यांनी रुळांना वेढा दिला. गाडी डोंगराला वळसा घालत चढत जाते आणि फेरा पुरा होतो त्या ठिकाणी थोड्या वेळापूर्वी ज्या रुळांवरून आली त्यांच्याच डोक्यावरून, पुलावरून पुढे जाते. पुलावर आले की खिडकीतून खाली पाहायचे आणि ‘आत्ता आपण तिथे होतो’ म्हणत लहान मुलांना दाखवायचे, हा या प्रवासातला ठरलेला भाग होता. भारतात रेल्वेचे असे पूर्ण वेढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि डोंगरी पर्यटनाच्या गाड्या सोडल्या तर आणखीच दुर्मीळ.

धारणी तालुक्यात याच ठिकाणच्या गावाचे सरकारदरबारी नाव ‘धुळघाट रेल्वे’ असे आहे. ही कोरकू आदिवासींची वस्ती. पावसाळ्यात नाले भरले की इथल्या गावांना बाहेर पडायला गाडीचाच भरवसा होता. गाडी बंद झाली, नाव आहे तसेच आहे.

प्रवासी : या मार्गाने कोण जात असे हे पाहिले की त्याची उपयुक्तता कळते. वाशीम, हिंगोली, अकोल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मारवाडी कुटुंबे लग्नकार्याला ‘देस’ला जात ती याच गाडीने. हैदराबाद, नांदेडकडचे भाविक अजमेरच्या उरुसाला निघत. औंढा नागनाथ हिंगोलीजवळ, ओंकारेश्वर नर्मदेकाठी आणि महाकाल उज्जैनला, म्हणजे तीन ज्योतिर्लिंगे जवळजवळ एका सुतात. यात्रा करणाऱ्याला एवढी सोय दुसऱ्या मार्गाने क्वचितच. महू ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जन्मभूमी. मराठवाडा आणि विदर्भातून एप्रिलमध्ये तिकडे जाणाऱ्यांना ही छोटी लाईन थेट महूच्या फलाटावर उतरवत असे. महू स्थानकाला आता डॉ. आंबेडकर नगर असे नाव आहे.

महूच्या पुढे पातालपाणीच्या घाटातली एक रीत इथे नोंदवली पाहिजे. इंग्रजांविरुद्ध लढलेला तंट्या भिल्ल याचे मंदिर रुळांलगत आहे. घाट उतरण्याआधी गाडी तिथे क्षणभर थांबे आणि चालक हात जोडत. घाटापूर्वी ब्रेक तपासून घेणे ही रेल्वेची शिस्तच आहे. चालकाच्या लेखी ते ब्रेक तपासणे असे की नमस्कार, हे विचारण्याच्या भानगडीत प्रवासी पडत नसत.

तुटणे : १९९२ मध्ये देशभर एकच माप आणण्याचा ‘युनिगेज’ कार्यक्रम सुरू झाला. धोरण म्हणून ते योग्यच होते. मीटर गेजची इंजिने, डबे, सुटे भाग जुने होत चालले होते आणि ब्रॉडगेजच्या महासागरात छोट्या लाईनचे बेट टिकवणे परवडणारे नव्हते. चूक क्रमात झाली. रुंदीकरण दोन्ही टोकांकडून सुरू झाले आणि अवघड डोंगरी मधला भाग शेवटी राहिला. पूर्णा–अकोला २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. रतलाम–महू–खंडवा–अकोला या सुमारे ४७३ किमी.च्या रुंदीकरणाला २००८-०९ मध्ये मंजुरी मिळाली. रतलाम–इंदूर झाले, इंदूर–महू झाले. ज्या दुव्यासाठी हा मार्ग जन्मला तो दुवा मात्र रांगेत मागे पडला, आणि शेवटची काही वर्षे छोटी लाईन दोन्ही बाजूंनी कापलेल्या अवस्थेत धावत राहिली. प्रवासी घटले. मग ‘प्रवासीच नाहीत’ हे कारण पुढे करता येऊ लागले. कोणताही प्रादेशिक मार्ग मोडकळीस येतो तो बहुधा याच पायरीने.

कारभाराची विभागणीही याला पोषक ठरली. अकोला स्थानक आणि त्यावरून जाणारी मुंबई–नागपूर लाईन मध्य रेल्वेची, पूर्णा–खंडवा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाचा, खंडव्याच्या पुढचा रतलामपर्यंतचा पश्चिम रेल्वेचा. तीन झोनांच्या शिवेवरचे शेत कोणी आधी नांगरायचे, हा प्रश्न.

मेळघाटाचा वाद : मार्गाचा सुमारे ३९ किमी. भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो. मार्ग आधीचा, व्याघ्र प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी, म्हणजे नंतरचा. रुंदीकरणाच्या बाजूचे लोक हाच मुद्दा सांगतात : रूळ आहेतच, फक्त रुंद करायचे. वन्यजीवांच्या बाजूचे उत्तर असे की दिवसातून मोजक्या वेळा सावकाश जाणारी छोटी गाडी आणि रात्रंदिवस वेगाने जाणाऱ्या मालगाड्या यांत फरक आहे. शिवाय वाघांना निवांत जंगल मिळावे म्हणून गाभ्यातली गावेच्या गावे उठवून अकोट, तेल्हारा तालुक्यांत वसवली गेली. माणसांना हलवले आणि त्यांच्या मागून ब्रॉडगेज आणली, तर त्या पुनर्वसनाचे समर्थन कसे करणार?

यातून पर्यायी आखणी पुढे आली. हिवरखेडपाशी जुना मार्ग सोडायचा, सोनाळा–जामोद बाजूने बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेने जायचे आणि जंगल टाळून तुकईथडकडे पुन्हा जुन्या मार्गाला मिळायचे. ही वाट तीसएक किमी.ने लांब पडते. प्रकरण न्यायालयांतही गेले. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मेळघाटातून रुंदीकरण नको, पर्यायी मार्ग घ्यावा असे पत्र केंद्राला लिहिले आणि पुढे रेल्वेही त्या आखणीकडे वळली.

लांबीचा आक्षेप फारसा टिकत नाही. सध्या अकोल्याहून खंडव्याला रेल्वेने जायचे तर भुसावळचा वळसा पडतो : अकोला–भुसावळ सुमारे १४० आणि भुसावळ–खंडवा सुमारे १२५, म्हणजे २६५ किमी. पर्यायी मार्ग लांबला तरी दोनशेच्या थोडा वर. साठ किमी. वाचतात, भुसावळची कोंडी टळते आणि सोनाळा, जामोदसारख्या ज्या गावांनी रेल्वे कधी पाहिली नाही त्यांना ती मिळते. नुकसान आहे ते धुळघाटसारख्या जंगलातल्या गावांचे. त्यांची गाडी गेली ती गेलीच, आणि पर्यायी मार्गाच्या चर्चेत त्यांच्यासाठी बारमाही रस्ता आणि एस.टी. यांचा विषय जेवढ्या जोराने निघायला हवा तेवढा निघत नाही. वेढ्याच्या पुलाचे जतन करावे ही मागणी त्यामानाने सोपी आहे.

सद्यस्थिती : अकोला–अकोट ब्रॉडगेजवर २०२२ च्या नोव्हेंबरात प्रवासी गाडी सुरू झाली. खंडव्याच्या बाजूनेही दक्षिणेकडे रूळ टाकण्यात आले. मधला अकोट ते तुकईथड परिसरातला टप्पा मागे आहे. खंडव्याच्या उत्तरेला महू आणि ओंकारेश्वर रोड यांच्यामधली मीटर गेज गाडी २०२३ च्या सुरुवातीला थांबली. तिथला जुना घाट ब्रॉडगेजला झेपणारा नसल्याने बोगद्यांची नवी आखणी करावी लागली आहे. पातालपाणी ते काळाकुंड एवढा जुना तुकडा मात्र २०१८ पासून पर्यटकांसाठी वारसा गाडी चालवून राखला आहे. काळाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद ही त्या फेरीची खरी ओढ, असे इंदूरकर सांगतात. नांदेड किंवा हैदराबादहून थेट इंदूर, जयपूरकडे जाणारी गाडी या वाटेने पुन्हा काढायची तर सातपुड्यातला आणि विंध्यातला, असे दोन्ही घाट पुरे व्हावे लागतील. एकच झाला तर अकोल्याची गाडी खंडव्याला येऊन तशीच थांबेल, १९६० च्या आधी उत्तरेची थांबत होती तशी.